तोंड दाराकडं

झरीकर बाईंनी माझं स्वागत गांडुळानं केलं.

नव्या शाळेवर रुजू व्हायचा दिवस होता. पेडगाव स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, धुळीनं पांढरा होऊन मी शाळेत पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. माझी नोकरी अजून शिल्लक आहे आणि परभणी जिल्हा काही फार मोठा नाही. व्हरांड्यात ठेंगण्याशा, गोल चष्म्याच्या एक बाई उभ्या होत्या. तळहातावर ओलं फडकं आणि फडक्यावर एक वळवळणारं गांडूळ. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न आला.

"सर, ह्याचं तोंड कुठलं, सांगा बरं."

मी मराठीचा मास्तर. गांडुळाशी माझा संबंध 'शेतकऱ्याचा मित्र' या निबंधापुरता. तरी नव्या शाळेत पहिल्याच क्षणी हार कशी मानायची, म्हणून मी आत्मविश्वासानं एक टोक दाखवलं.

"ते बूड हाय," बाई म्हणाल्या. "ह्याच्या अंगावर हा फुगीर पट्टा दिसायलाय का? पट्टा ज्या टोकाच्या जवळ, ते तोंड. आता ध्यानात ठेवा. तुमी कोण?"

मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गांडूळ जास्वंदीच्या आळ्यात सोडून दिलं. पुढं पाऊस पडून गेला की महिन्या-दोन महिन्यांनी ही परीक्षा होत राहिली. पट्टा तोंडाच्या जवळ की लांब, हे मला ऐन वेळी कधीच आठवलं नाही. व्याकरणाच्या तासाला मी मुलांवर ओरडत असलो की बाई दारातून जाता जाता म्हणायच्या, "सरांना गांडुळाचं तोंड कळंना अन् पोरांचे प्रयोग सुधरायलेत." मुलं खूश व्हायची. मीही आतून व्हायचो, पण चेहरा कडक ठेवत असे.

बाई मूळच्या झरीच्या, राहायला परभणीत. शाळेत विज्ञान शिकवायच्या, पण जीव सगळा प्राण्यांत. वीज, चुंबक, आम्ल, अल्क हे त्या नियमाप्रमाणे उरकत. प्राण्यांचं प्रकरण आलं की मात्र पदर खोचला जाई. त्यांचं एकच तत्त्व होतं: "हात लावल्याबिगर शब्द येत न्हाई." पुस्तकातला शब्द फळ्यावर लिहिला, मुलांनी वहीत उतरवला, म्हणजे तो आला असं त्या मानतच नसत. शब्द ज्याच्या अंगावर राहतो त्याला जाऊन हात लावायचा, मग तो आपला.

'पृष्ठवंशी' हा शब्द त्यांनी कसा शिकवला ते मी खिडकीतून पाहिलं आहे. सगळा वर्ग एका रांगेत उभा केला आणि प्रत्येकाला पुढच्याची पाठ चाचपायला लावली. गुदगुल्या, किंकाळ्या, हसणं यांचा नुसता गोंधळ. "लागले का मणके?" बाई ओरडल्या. "लागले!" "मग ध्यानात ठेवा, तुमी, बेडूक, कोंबडी अन् हेडसर, समदे एकाच घरातले." हेडसर तेव्हा नेमके दारात उभे होते. त्यांना पाठीचा कणा आहे हे गावात पहिल्यांदाच कुणीतरी जाहीरपणे कबूल करत होतं, त्यामुळे रागवावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. ते तसेच परत गेले.

बाह्यकंकालासाठी खेकडा आला, कल्ल्यांसाठी दुधना नदीतला मासा आला, खवल्यांसाठी सापाची कात आली आणि ती हेडसरांच्या खुर्चीवर वाळत पडली. उभयचर शिकवल्यावर एका पोरानं वहीत उदाहरण दिलं, 'आमचे काका. दोन्ही पार्टीच्या सभेला जातात.' बाईंनी अर्धाच गुण दिला. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "उभयचराची कातडी नाजूक अन् वलसर असती. तुज्या काकाची गेंड्याची हाय."

बाईंच्या दोन सवयी इथं सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यातूनच घडलं. एक म्हणजे त्यांची भाषा. एरवी त्या मुलांशी गावच्या बोलीतच बोलत. पण राग आला की अचानक शुद्ध, प्रमाण, छापील मराठी बोलायला लागत. "मी आपणांस यापूर्वीही सूचना दिली होती" असं वाक्य आलं की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. मी मराठी शिकवतो, पण प्रमाण भाषेचा एवढा दरारा मला कधी निर्माण करता आला नाही.

दुसरी सवय चित्रांची. चित्रं त्या फार सुरेख काढत. खडूच्या चार रेघांत शेळी उभी राहायची, आणि ती कुणाची शेळी हेही मुलं ओळखायची. पण त्यांचा प्रत्येक प्राणी फळ्यावर एकाच दिशेला बघायचा. आमच्या वर्गात फळ्यासमोर बसलं की दार उजव्या हाताला. बाईंचे बैल, मासे, नाकतोडे, झुरळं, सगळ्यांची तोंडं उजवीकडं, दाराकडं. एकदा मी चेष्टेनं विचारलं, की तुमच्या प्राण्यांना मान वळवता येत नाही का. त्या खडू झटकत अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "जनावराचं तोंड दाराकडं पायजे, सर. भिताडाकडं तोंड केलं की त्याला कोंडल्यावानी वाटतंय." खडूच्या बैलाला कोंडल्यासारखं वाटेल याची काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता गयाबाईंकडे वळू. रखमाजी काका म्हणजे गावातले जुने शेतकरी, पोळ्याचा पहिला मान त्यांच्या बैलाचा. गयाबाई त्यांच्या कारभारीण. या दोघांची नात वैष्णवी सातवीत, बाईंची पट्टशिष्या. एके दिवशी गयाबाई तावातावानं शाळेत आल्या.

"बाई, माज्या नातीला काय शिकवायलाव तुमी? भर पंगतीत म्हणती, आजी तुज्या डोस्क्यात परजीवी हायत! पाव्हण्यांपुढं माजं नाक कापलं की वो!"

बाईंनी गयाबाईंना व्हरांड्यात बसवलं, स्वतः त्यांच्या मागं बसल्या, त्यांचे केस मोकळे केले आणि क्षणात एक ऊ पकडून पांढऱ्या कागदावर ठेवली. भिंग गयाबाईंच्या हातात दिलं.

"पाय मोजा."

"सहा दिसायलेत."

"पंख?"

"पंख न्हाईत."

"अन् काम काय करतीय?"

"कशाचं आलंय काम! बसल्या जागी रगत पितीय मेली."

"दुसऱ्याच्या अंगावर राहायचं, त्याचंच खायचं अन् त्याला काहीबी द्यायचं न्हाई. असा जो जीव, त्याला परजीवी म्हणायचं. पोरीनं शिवी न्हाई दिली, आजी. शब्द वापरला."

गयाबाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी सापडल्याचा आनंद होता.

"बाई, म्हंजे आमचे जावई..."

"ते आपल्या अभ्यासक्रमात न्हाई," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

पण बाण सुटला होता. गयाबाईंचे जावई नाना बरीच वर्षं सासुरवाडीतच मुक्कामाला होते. दिवसभर ओट्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, जेवणाच्या वेळी बरोबर आत यायचे. त्या आठवड्यात गावात 'परजीवी' हा शब्द असा काही रुळला, की किराणा दुकानापासून दळणाच्या चक्कीपर्यंत जो तो वापरू लागला. माझा एकही शब्द गावानं इतक्या मनापासून उचलला नाही. नानांच्याही कानावर तो गेलाच. तेव्हापासून ते हातात काहीतरी काम असल्यासारखं दाखवत फिरू लागले. कधी खुरपं घेऊन, कधी नुसती दोरी घेऊन.

मग पोळा आला.

त्याआधीच्या आठवड्यात बाईंनी रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं पोट शिकवलं होतं. फळ्यावर भला थोरला बैल, अर्थातच दाराकडं तोंड करून. पोटात चार कप्पे आणि त्यांची चार नावं: रोमंथिका, जालिका, तृतीय जठर, चतुर्थ जठर. पहिला कप्पा सगळ्यात मोठा, जवळजवळ अर्धं पोट व्यापणारा. रोमंथिका हे नाव ऐकल्यावर मला क्षणभर वाटलं की शिक्षणाधिकाऱ्यांच्या मुलीचं असावं. मी तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "नाव गोड हाय, पण आत वास लय." मग त्यांनी सुट्टीचा अभ्यास दिला, की पोळ्याला घरच्या बैलाला हात लावून चार कप्पे कुठं आहेत ते शोधून या.

वैष्णवीनं हात वर केला. "बाई, आमच्या गुलब्याला तसंबी रंगवायचंच हाय. कप्पे त्याच्या अंगावरच काढू का?"

बाईंचे डोळे चमकले. त्या चमकण्याचा अर्थ मी ओळखून होतो, पण अडवणारा मी कोण. "काढ की," त्या म्हणाल्या, "पण सुबक अन् नामनिर्देशित काढ."

गुलब्या म्हणजे रखमाजी काकांचा लाल कंधारी जातीचा बैल. गावात आता घरोघरी ट्रॅक्टर, बैल बोटावर मोजण्याइतके, आणि त्यात गुलब्याचा रुबाब काही और होता. तांबड्या कातडीवर पांढरा रंग असा उठून दिसला, की शाळेचा फळाही लाजावा. वैष्णवीनं बाईंचं चित्र डोळ्यांपुढं आणून जसंच्या तसं उतरवलं. फळ्यावरच्या बैलाचं तोंड उजवीकडं होतं, म्हणून तिनं गुलब्याची तीच बाजू निवडली जिथून त्याचं तोंड उजवीकडं दिसतं. चार कप्पे, चार बाण, चार नावं. चित्र दिसावं म्हणून झूल त्या बाजूला वर दुमडून बांधली. दुसरी बाजू झुलीखाली झाकलेली राहिली.

वेशीत बैल जमले तेव्हा गुलब्याभोवती ही गर्दी. एरवी बैलांच्या अंगावर घोषणा असतात, नाहीतर येत्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्यांची नावं असतात. एक म्हातारे डोळे बारीक करून वाचत होते.

"रो-मं-थि-का. कोण हो ही? कोणत्या वार्डातून उभी हाय?"

बाई खास जेवणाच्या आमंत्रणावर परभणीहून आल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. त्या हसून हसून खांबाला टेकल्या. हेडसर मात्र अस्वस्थ होते. मिरवणुकीत शाळेचा अभ्यासक्रम फिरतो आहे, ही गोष्ट कुठल्या परिपत्रकात बसते हे त्यांना आठवत नव्हतं.

खरी गंमत मिरवणूक संपल्यावर सुरू झाली. मारुतीला फेरी झाली, बैल घरोघर पूजेला निघाले. दुसऱ्या बैलांना दारात एखादी पोळी मिळत होती. गुलब्याला मात्र जो तो थांबवी, आणि पोळी देऊन पोरांना विचारी, "आता कुठं गेली?" पोरं बोट ठेवून सांगत, "आता रोमंथिकेत. मग जालिकेत. मग परत तोंडात यील." हे ऐकून बाया थक्क होत आणि नीट दिसलं नाही म्हणून आणखी एक पोळी देत. कुणी भिजवलेले हरभरे दिले, कुणी ज्वारीचं पीठ कालवून दिलं. अख्ख्या गावानं त्या दिवशी पचनसंस्था शिकून घेतली. गुलब्यानं कुणाला नाही म्हटलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला गुलब्या मारुतीच्या पाराजवळ थांबला आणि हलेना. मान लांब केली, जीभ बाहेर काढली, श्वास धापा टाकल्यासारखा. पोट हंड्यासारखं टम्म. वाजंत्री थांबली. रखमाजी काका त्याच्या गळ्याला मिठी मारून, "काय झालं रे बाळा, काय झालं," एवढंच म्हणत होते. तेव्हा गर्दीतून नाना पुढं आले. हातात सुरी होती.

"पोट फुगलंय. ग्यास काढाय लागतोय," ते म्हणाले. "मी मोबाइलवर बघितलंय. डाक्टर पोटाला भोक पाडतो अन् हवा भस्सकन बाहीर येती. जनावर उठून बसतंय."

"कुठं पाडायचं?" कुणीतरी विचारलं.

नानांनी सुरीनं दाखवलं. "पहिल्या कप्प्यात. हितं लिवलेलंच हाय की, रोमंथिका."

रखमाजी काकांनी डोळे पुसत मान हलवली. "बाईनं शिकवलंय म्हणल्यावर बरोबरच असंल. कर बाबा."

मी तोवर गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. सण असल्यानं ते परभणीत घरी होते. माझं काम फक्त फोन स्पीकरवर धरण्याचं. "निघालोच," डॉक्टर म्हणाले, "तोवर कुणीबी काही भोसकू नका. डावी कूस फुगली का, तेवढं बघून सांगा."

डावी म्हटल्याबरोबर बाईंचा चेहरा उतरला. एवढा वेळ त्या गर्दीच्या मागं होत्या. त्या लोकांना कोपरांनी ढकलत पुढं आल्या, गुलब्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि झूल ओढून काढली. डावी कूस ढोलासारखी वर आली होती. त्यांनी तळहात मारला. आवाजही ढोलाचाच आला. मोठा कप्पा डावीकडं होता. चित्र उजवीकडं होतं, आणि तिथं खाली आतडी होती.

दाराकडं तोंड केल्यावर बैलाची उजवी बाजू आपल्याकडं येते. पोट मात्र डावीकडून पाहिल्यासारखं काढलेलं. इतकी वर्षं त्या फळ्यावर चुकीच्या कुशीत पोट काढत होत्या, आणि ते कधी कुणाच्या जिवावर उठेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बाई पुन्हा उजव्या बाजूला आल्या आणि नानांच्या सुरीपुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"ही आकृती चुकीची आहे," त्या म्हणाल्या. "मी चुकीचे शिकवले आहे. या ठिकाणी सुरी लावल्यास बैल मरेल."

छापील मराठी ऐकून पोरं जागच्या जागी गारठली. पण बाईंचा राग या वेळी कुणा पोरावर नव्हता. त्यांनी पाराजवळच्या हंड्यातलं पाणी गुलब्याच्या अंगावर ओतलं आणि त्या ठेवणीतल्या साडीच्या पदरानं चारही कप्पे खसाखसा पुसायला लागल्या. रंग निघाला नाही, नुसता पसरला. चार नावांचा एक पांढरा चिखल झाला. तरी त्या पुसतच होत्या. मला ते बघवेना.

डॉक्टर फोनवरून सांगत गेले तसं सगळ्यांनी केलं. गुलब्याचे पुढचे पाय पाराच्या पायरीवर चढवले. लिंबाची जाड काडी लगामासारखी तोंडात आडवी बांधली, म्हणजे तो चघळत राहील. नानांनी सुरी टाकून गुलब्याला पाजायला दुकानातून गोडेतेल आणलं, आणि पळत आणलं. बाईंचा हात डाव्या कुशीवर होता, त्या ती चोळत होत्या. गुलब्या काडी चघळत होता. वैष्णवी रडत होती आणि गयाबाईंनी तिला पोटाशी धरलं होतं.

आणि मग गुलब्यानं ढेकर दिला.

तो ढेकर मी जन्मात विसरणार नाही. आधी आतून कुठूनतरी गुरगुर आली, मग मान ताठ झाली, आणि सबंध गावाच्या पुरणपोळ्यांचा वारा नेमका चोळता चोळता पुढं सरकलेल्या बाईंच्या तोंडावर आला. चष्मा धुरकटला. मागून दुसरा आला, तिसरा आला. डावी कूस हळूहळू खाली बसायला लागली. मघाचे ते वाचणारे म्हातारे टाळ्या वाजवत म्हणाले, "आली बगा, रोमंथिका निवडून आली!" लोक हसत होते, रडत होते, वाजंत्री पुन्हा सुरू झाली. डॉक्टर मोटरसायकलवरून पोचले तेव्हा गुलब्या रवंथ करत उभा होता. त्याचं अंग पांढऱ्या रंगानं बरबटलेलं का आहे, हे डॉक्टरांना कुणीच धड सांगू शकलं नाही.

बाई मात्र हसल्या नाहीत. चष्मा पुसून, मळलेला पदर आवळून त्या स्टेशनाकडं निघून गेल्या.

त्यानंतर वर्गात बाई पुस्तकातून शिकवू लागल्या. "पुढील परिच्छेद वाचा." "व्याख्या पाठ करा." दिवसभर प्रमाण मराठी. फळ्यावर चित्र नाही, हातात फडकं नाही, वर्गात खेकडा नाही. हेडसर म्हणाले की शाळेला शिस्त आली. पोरांना वाटलं बाई आपल्यावर रागावल्या आहेत. जास्वंदीजवळून जाताना मी एकदा मुद्दाम विचारलं, "बाई, आज गांडूळ नाही का?" त्या म्हणाल्या, "आपण आपला विषय पाहावा, सर." मला फार वाईट वाटलं. चिडवणारं माणूस चिडवायचं थांबलं, की आपलं काहीतरी हरवल्यासारखं होतं.

एका शनिवारी रखमाजी काका शाळेत आले. वैष्णवी घरी जेवण सोडायच्या बेताला आली होती. "बाईला झालंय तरी काय?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना आत नेलं, फळा दाखवला, दार दाखवलं, आणि बाईंच्या बैलाचं तोंड कुठं असायचं व का, ते सांगितलं. काका कपाळाला हात लावून विचार करत राहिले. मग एकदम उजळले.

"म्हंजे सर, चूक बाईची न्हाईच की! चूक ह्या दाराची हाय. दार डाव्या अंगाला असतं तर बैलाची डावी कूस आली असती का न्हाई?"

"आली असती," मी म्हणालो, "पण दार कसं हलवणार?"

"दार हलवलं तर भिताड पाडाय लागतंय," काका म्हणाले. "फळाच हलवू."

रविवारी शाळा उघडली गेली. हेडसरांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी वरिष्ठांना विचारलं असतं. मागची भिंत घासून सारखी केली आणि तिच्यावर फळ्याचा काळा रंग दिला. रंग कुणी दिला? नानांनी. दोन हात दिले, कडेनं पांढरी पट्टी ओढली, वाळेपर्यंत राखण बसले. बाकं सगळी उलटी फिरवली. आता फळ्यासमोर बसलं की दार डाव्या हाताला आलं.

सोमवारी बाई वर्गात शिरल्या आणि नेहमीच्या सवयीनं जुन्या फळ्याकडं गेल्या. समोर पोरांच्या पाठी. त्या वळल्या. मागच्या भिंतीवर नवा कोरा फळा, शेवटच्या बाकावर टोपी हातात घेऊन रखमाजी काका, दारात नाना, त्यांच्या मागं गयाबाई. मीही होतो, खिडकीच्या बाहेर.

"हे कोणी केले?" बाई म्हणाल्या.

वैष्णवी हळूच म्हणाली, "बाई, आता बैल कोंडणार न्हाई."

बाई नव्या फळ्यापुढं गेल्या. त्यांनी दाराकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं, पुन्हा दाराकडं पाहिलं. मग खडू उचलला. आधी शिंगं आली, मग वशिंड, मग पाठ. तोंड डावीकडं, दाराकडं. डावी कूस आपल्याकडं. तिच्यात मोठा थोरला कप्पा, बाण आणि नाव. रेघ सरळ आली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वर्गाकडं वळल्या.

"बगायलाव काय नुस्ते? वह्या काढा!"

पोरांनी असा काही ओरडा केला की हेडसर पळत आले. गयाबाईंनी दारातूनच नानांकडं बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्यांनी रंग दिला. आता हे कशात मोडतात?"

बाईंनी नानांकडं नीट निरखून पाहिलं. "कायांतरण सुरू झालंय," त्या म्हणाल्या, "पण अजून कोषातच हायत."

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. हार, नारळ, हेडसरांचं लांबलचक भाषण, सगळं रीतसर झालं. मी दोन शब्द बोलायला उठलो आणि खरोखर दोनच बोलून बसलो. कार्यक्रम संपल्यावर बाई कुठं दिसेनात. वर्गाच्या खिडकीतून मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. रिकाम्या वर्गात, कुणी वापरत नाही त्या जुन्या फळ्यापुढं त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि काहीतरी काढत होत्या. मग हात झटकून, पिशवी काखेला मारून, नव्या फळ्यावरच्या बैलाकडं एकदा बघून त्या दारातून बाहेर पडल्या. रखमाजी काका त्यांना गाडीवर बसवून स्टेशनावर घेऊन गेले.

मी आत गेलो. जुन्या फळ्यावर एक लांब, जाडसर, वळणदार रेघ होती, बारीक वळ्यांनी भरलेली. गांडूळ. खाली काही लिहिलं नव्हतं. प्रश्न कुणाला आहे हे मला कळलं. वर्गात मी एकटाच होतो, उत्तर चुकलं तर हसायला मागं कुणी नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी जवळ गेलो, हात लावून लावून तो फुगीर पट्टा शोधला. जवळ की लांब? जवळ. पट्टा ज्या टोकाच्या जवळ, ते तोंड.

तोंड दाराकडंच होतं.